अक्काचा डावा डोळा

झरीच्या शाळेत चौथीच्या वर्गाला मी भागाकार शिकवत होते. फळ्यावर एक केस चिकटलेला दिसला म्हणून डस्टर फिरवलं. केस गेला नाही. चष्मा काढून पदराने काचा पुसल्या, परत घातला, तरी केस होताच. मी खिडकीकडे पाहिलं तर तोही फळा सोडून खिडकीतल्या उजेडात आला आणि हळूहळू खाली उतरू लागला. केस फळ्यावर नव्हताच. तो माझ्या उजव्या डोळ्यात होता.

माझा नंबर उणे सोळा. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, त्याहून थोडा जास्तच. हे डोळे आम्हाला वडिलांकडून आले. तेही मास्तर होते, आणि पेपर तपासताना चष्मा कपाळावर ढकलून कागद पार नाकाला लावायचे. सकाळी जाग आली की आम्हा तिघांचेही हात आधी उशापाशी चाचपडायचे. पण आमच्या लेखी हा काही आजार नव्हता. चष्मा लावला की दिसायचं आणि दिसलं की विषय संपला. त्या जाड काचेमागच्या डोळ्यात आत काय चाललंय हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना जीपमध्ये माझ्या उजव्या बाजूला वीज चमकली. मी मान वळवून बघितलं. शेजारी एक म्हातारी तंबाखू मळत बसली होती आणि बाहेर आभाळ कोरडं ठाक होतं. दुपारपर्यंत असं चार-पाच वेळा झालं. मी कुणाला बोलले नाही. मुख्याध्यापकांकडे सुट्टी मागायची तर कारण द्यावं लागणार, आणि डोळ्यात वीज चमकते हे कारण माझं मलाच वेडगळ वाटत होतं. तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, चहा गाळताना डोळ्यापुढे काळ्या ठिपक्यांचा सडा पडला. कुणी मूठभर मिरपूड उधळावी तसा. तेव्हा मात्र पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली.

परभणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या काकांनी माझे आजवरचे सगळे चष्मे केलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण नेहमीसारखं मशीनपुढे बसवलं नाही.

"मॅडम, हे काचेचं काम नाही," ते म्हणाले. "डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर इथल्या दवाखान्यात बाहेरगावाहून येतात, दर गुरुवारी. उद्या पहिला नंबर लावा. आणि आज काही जड उचलू नका."

गुरुवारी सिस्टरने दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून मला बाकावर बसवलं. बाहुल्या मोठ्या व्हायला तासभर लागला. मग आत टेबलावर आडवं केलं. डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला होता. तो उजेड इतका टोकदार होता की डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांची सावली मलाच दिसली, वाळलेल्या झाडाच्या फांद्यांसारखी. "वर बघा. आता उजवीकडे. खाली, अजून खाली." मध्येच ते एका बारीक सळईने पापणीवरून डोळा दाबायचे. एका जागी ते थांबले. पुन्हा तिथेच आले. मग आणखी एकदा. डॉक्टर एकाच जागी तिसऱ्यांदा बघतात तेव्हा काय समजायचं ते समजतं.

"तुमचा डोळा इतरांच्या डोळ्यापेक्षा लांबट आहे," दिवा बाजूला करून ते म्हणाले. "डोळा लांबला, पण आतला पडदा काही वाढत नाही. तो ताणला जातो, आणि कडेकडेने विरतो. जुनी साडी घडीवर विरते ना, तसा. तिथे एक फाट पडली आहे. त्यातून पाणी मागे शिरलं तर पडदा भिंतीवरून सुटेल. अजून शिरलेलं नाही. फाटेभोवती आजच लेसर करू."

लेसर अर्ध्या तासात झालं. हिरव्या उजेडाचा एकेक ठोका, आणि काही ठोके थेट कवटीत जाऊन दुखायचे. संपल्यावर त्या डोळ्याला काहीच दिसेना, सगळं जांभळट काळं. मी घाबरले, पण दुसऱ्या डोळ्याने नवरा दिसत होता, दार दिसत होतं. दहा-पंधरा मिनिटांत तो डोळाही परतला.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला एवढा नंबर आहे?"

"थोरल्या बहिणीला. पण तिला काही त्रास नाही."

"त्रास नसतोच पुष्कळदा. पडदा दुखत नाही. त्यांना घेऊन या."

अक्का पालमला असते. दाजी तिथल्या कॉलेजात शिपाई आहेत, आणि अक्का घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाऊज शिवते. तिच्या हाताची शिलाई म्हणजे बायका दोन-दोन महिने थांबतात. मी तिला त्याच दिवशी फोन केला. माझं सगळं तिने नीट ऐकलं, पथ्य विचारलं, डोळे मिटून पडून राहा म्हणाली. मग मी म्हटलं, "अक्का, आता पुढच्या गुरुवारी तू ये."

"मला काय झालंय? मी धडधाकट हाय."

"मीबी धडधाकटच होते."

"लग्नसराई हाय माय. कापडाचा ढीग पडलाय हितं. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या गुरुवारी तिला पाहुणे आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी मशीनचा पट्टा तुटला. तिसऱ्या वेळी मी जरा जोरात बोलले तर तिने फोन ठेवून दिला. अक्का माझ्यावर कधी फोन ठेवत नाही. लहानपणी माझा चष्मा फुटला की ती स्वतःचा मला द्यायची आणि दिवसभर भिंत धरून चालायची. त्या फोनने मला चैन पडेना. रविवारी सकाळची गाडी पकडून मी न सांगता पालमला गेले.

ती विहारातून वंदना करून नुकतीच आली होती. मला दारात बघून हसली, पण हसू लगेच आटपलं. चहा झाला. ती मशीनवर बसली आणि मी बाजूच्या खाटेवर. डॉक्टरांनी मला एक गोष्ट शिकवली होती. रोज एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरचं काहीतरी वाचायचं, मग डोळा बदलायचा. मी म्हटलं, "डॉक्टरकडं नको येऊ. एवढं तरी कर. डावा डोळा झाक आन् समोरचं कॅलेंडर वाच."

"हात्तिच्या," ती म्हणाली. डाव्या हाताचा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवून तिने महिना, वार, चतुर्थी, सगळं घडाघडा वाचलं.

"आता दुसरा."

तिने डावा हात खाली घेतला. उजवा हात वर नेला, नाकावरून पलीकडे नेला आणि पुन्हा डावाच डोळा झाकला. तेच सगळं पुन्हा घडाघडा वाचलं.

हात बदलला होता. डोळा तोच होता.

मला आधी वाटलं, तिची चूक झाली. मग तिने हात काढल्यावर माझ्याकडे बघायचं टाळलं, त्यावरून कळलं.

"अक्का, तू डावाच झाकलास."

ती पायाने मशीन चालवू लागली. मशीनखाली कापडच नव्हतं.

"उजवा झाक," मी म्हटलं.

"कशाला गं खामखा."

"झाक अक्का."

मशीन थांबलं. "झाकून काय करू," ती म्हणाली. "डाव्यानं दिसत न्हाई."

"किती दिसत नाही?"

"उजेड दिसतो जरासा. तेबी एका कोपऱ्यात."

"कधीपासून?"

"सहा वर्सं झाले आसतील."

मी खाटेवरून उठले, पुन्हा बसले. ती सांगत राहिली, शिलाईबद्दल सांगावं तशा आवाजात. आधी डोळ्यापुढे माश्या आल्या. मग ठिणग्या. मग एक दिवस नाकाच्या बाजूने काळं वर चढू लागलं, रांजणात पाणी चढतं तसं, आणि पंधरा दिवसांत डोळा भरून गेला. दुखलं नाही, लाल झालं नाही, पाणी आलं नाही. ती वाट बघत राहिली की जसं आलं तसं उतरेल.

"मला काऊन नाही सांगितलंस? दाजीला?"

"एका डोळ्याच्या बाईकडं कोन कापड टाकंल? सुई-दोऱ्याचं काम हाय माय. एकीनं दुसरीला सांगितलं की झालं." मग म्हणाली, "आन् तवा तुझं लगीन जमायलं होतं. ती मान्सं आधीच तुझ्या चष्म्याकडं बघायली होती. त्यात बहिणीचा डोळा गेला म्हनलं आसतं, तर?"

मला तिचा राग आला. आजही सांगते, त्या क्षणी माया-बिया काही वाटली नाही, नुसता राग आला. मी म्हटलं, "सहा वर्षं गप्प राहायची काय गरज होती तुला?"

"तू बी दोन दिवस गप्पच बसलीस की," ती म्हणाली. "शाळेत कुणाला बोललीस का?"



दाजी बाजारातून भाजी घेऊन आले तेव्हा अक्काने स्वतःच सांगितलं. ते पिशवी हातात धरून उभेच राहिले. म्हणाले, "म्हनून तू गाडीवर मागं बसायला भ्यायलीस." मग पिशवी ठेवून मला विचारलं, "दुसरा ऱ्हाईल ना?"

तोच प्रश्न होता. दोन्ही डोळ्यांची बनावट एकच. एक पडदा विरून सुटला होता, तर दुसरा कसा असेल याचा अंदाज मला डॉक्टर नसूनही येत होता. मी दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, नवा त्रास नसेल तर गुरुवारी आणा. पण ठिणगी, ठिपके, अंधार यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, त्याच पावली नांदेड गाठा, तिथे पडद्याचे डॉक्टर रोज असतात.

रविवार ते गुरुवार. मी शाळेत होते, पण लक्ष फोनवर. मधल्या सुट्टीत फोन करायचा आणि अक्काने कॅलेंडर वाचून दाखवायचं. "सोमवार. एकादशी. खालच्या रांगेत सुट्ट्या लिहिल्यात." ती वाचत असताना मी एकेका शब्दाची वाट बघायची. एकदा ती मध्येच थांबली. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाई. गिऱ्हाईक आलं," ती म्हणाली.

बुधवारी मी पालमला मुक्कामाला गेले. गुरुवारी पहाटेची एसटी. अक्का खिडकीशी, मी मध्ये, दाजी पुढच्या बाकावर. रस्त्याचं काम चालू होतं आणि गाडी हादरे खात होती. प्रत्येक हादऱ्याला मी तिच्या तोंडाकडे बघत होते. गंगाखेड दोन-चार किलोमीटर राहिलं असेल, तिने माझं मनगट धरलं.

"चमकलं," ती हळूच म्हणाली.

"कुठं?"

"कानाकडल्या बाजूला. आता परत."

मी तिला डोळे मिटायला सांगितलं. डोकं माझ्या खांद्यावर टेकवून घेतलं, एका हाताने धरून ठेवलं. दाजींना सांगितलं. ते उठून ड्रायव्हरपाशी गेले, काय बोलले माहीत नाही, पण त्यानंतर गाडी खड्ड्यांतून जरा बेताने जाऊ लागली. गंगाखेडला उतरून नांदेडची गाडी शोधावी की सरळ परभणी गाठावी? मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर पोहोचलेत, तुम्ही इकडेच या, तुमचा पहिला नंबर, असं सिस्टर म्हणाल्या.

अक्काचे डोळे मिटलेलेच होते. गाडीचा आवाज बदलला तशी तिने विचारलं, "गोदावरीचा पूल आला का?"

"आला."

"पानी हाय का?"

"आहे थोडं."

जरा वेळाने म्हणाली, "उघडून बघू का एकदा? मिटल्यावर काय कळंना. मिटलं म्हनून काळं हाय का गेलं म्हनून काळं."

मी म्हटलं, बघ. तिने डोळा उघडला, समोरच्या पत्र्यावर लिहिलेली सूचना वाचली, "चालत्या गाडीतून हात बाहेर काढू नये," आणि पुन्हा मिटला. पोखर्णीच्या पुढे असं तिने तीनदा केलं. तिन्ही वेळा सूचना पूर्ण वाचली.

डॉक्टरांनी डावा डोळा फार वेळ बघितला नाही. "हा जुना आहे. पडदा पूर्ण सुटून गोळा झालाय. आता याला काही करता येणार नाही." अक्काने मान हलवली. ते तिला माहीतच होतं. मग उजवा. तिथे ते खूप वेळ होते. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि दाजी दाराबाहेर चपला काढून उभे होते, देवळात थांबावं तसे.

"दोन छिद्रं आहेत," डॉक्टर म्हणाले. "एकाच्या कडेने पाणी शिरायला लागलंय. थोडंच आहे. पडदा ओढला जातोय म्हणून ठिणग्या दिसल्या. चारी बाजूंनी लेसरचा बांध घालतो. तो पक्का व्हायला दोन आठवडे लागतात. तोवर पाणी पुढे सरकलं नाही तर डोळा वाचला. सरकलं तर ऑपरेशन."

"मी हालले तर?" अक्काने विचारलं.

"हलू नका," डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ होता, पण शब्द तेवढेच.

सिस्टरने मला मागून तिचं डोकं धरायला सांगितलं. हनुवटी पट्टीवर, कपाळ पट्ट्याला. एकेका ठोक्याला तिच्या मानेतली शीर माझ्या बोटांखाली ताठ व्हायची, पण डोकं तसूभर हललं नाही. अशी ती मशीनवर बसते, सुईत दोरा जाईपर्यंत श्वास रोखून. मधूनमधून डॉक्टर म्हणायचे, "छान. आणखी थोडं." ते थोडं संपत नव्हतं.

संपल्यावर तिला धरून बाकावर आणलं. ती एकदम ताठ बसली.

"दिसंना," ती म्हणाली.

"येतं. मलाबी नव्हतं दिसलं. दहा मिनिटं."

"काहीच दिसंना. उजेडबी न्हाई."

तेव्हा मला कळलं की माझी गोष्ट वेगळी होती. माझा एक डोळा झाकोळला तेव्हा दुसऱ्याने मला दार दिसत होतं. तिला दुसरा नव्हताच. ती भर दिवसा, माणसांनी भरलेल्या ओसरीत, पूर्ण अंधारात बसली होती. दाजी तिच्यापुढे येऊन उकिडवे बसले, तेही तिला कळलं नाही. तिने बाकाची कड घट्ट धरली होती.

"तू झूट तर बोलायली न्हाईस ना?" तिने विचारलं.

"नाही अक्का."

पाच मिनिटं झाली. आठ झाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि माझाच धीर सुटत होता. मला किती वेळ लागला होता, दहा की पंधरा, ते आठवेना. सिस्टरला विचारायला उठणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "जांभळं दिसायलंय."

"जांभळं काय?"

"सगळंच." मग थोड्या वेळाने तिचा हात बाकावरून सुटला. तिने तो पुढे केला आणि दाजींच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला बोट लावलं. "ही सैल झालीया," ती म्हणाली. दाजी तोंड फिरवून पाणी आणायला गेले.

दोन आठवडे ती माझ्याकडे राहिली. जड उचलायचं नाही, डोक्याला हिसका द्यायचा नाही. सहाव्या दिवशी दुपारी पुन्हा एक काळा दोरा तरंगताना दिसला आणि आम्ही रिक्षा करून धावलो. तो दिवस गुरुवार नव्हता, पण तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बांध जागेवर आहे, दोरा तरंगतोय तो तरंगू द्या. दोन आठवड्यांनी गुरुवारच्या डॉक्टरांनी पुन्हा कपाळाचा दिवा लावून बघितलं. पाणी सरकलं नव्हतं. ते म्हणाले, "धरलंय." अक्काने मला नंतर तीनदा विचारलं, "धरलंय म्हनले ना?"

ती पालमला परत गेली आणि पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की मला एकाच डोळ्याने दिसतं. दोघीजणी कापड परत घेऊन गेल्या. बाकीच्यांनी मापं दिली. एका म्हातारीने फक्त एवढंच विचारलं की मग बाह्या आधीसारख्याच होतील ना. आता ती डाव्या बाजूला कुणाला बसू देत नाही, सरळ म्हणते, हिकडून या. दर सहा महिन्यांनी डोळा दाखवते. माझ्यासाठी थांबत नाही, दाजींबरोबर येऊन जाते. माझी मुलगी पाचची झाली तेव्हा तिलाही आम्ही नेलं. नंबर लागला आहे, फार नाही. पडदा चांगला आहे. पण आता वर्षातून एकदा बघायचाच.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी मी शाळेत असताना अक्काचा फोन आला. ती परभणीत होती. तिच्याकडे ब्लाऊज शिवायला येणारी एक जाड चष्म्याची बाई, तिला ती तपासायला घेऊन आली होती. मला काहीच सांगितलं नव्हतं.

"झालं तिचं," ती म्हणाली. "विरलंय म्हनले थोडं, पन छिद्र न्हाई. लय भ्याली होती बिचारी. आता आमी स्टँडवर हाव, भजे खायलाव. तू शाळा कर."